गळाच्या काठीची नळी

आमच्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांस गळानें मासे धरण्याचा नाद आहे, आणि त्यांत नवल नाहीं. महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाईवरून खालीं येते. साताऱ्याजवळ माहुलीस तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडास कोयना मिळते, व सांगलीजवळ हरिपुरास वारणा मिळते. अशा मुलखांत राहणाऱ्या मुलानें मरळ, शिंगाळा, रोहू किंवा चिलापी यांची ओळख केवळ पुस्तकांतून करून घ्यावी असें कोण म्हणेल? सुटीच्या दिवशीं वडील माणसाच्या सोबतीनें नदीकांठीं दोन घटका शांत बसणें हा चांगला विरंगुळा आहे.

परंतु सुटी संपून शाळा भरली म्हणजे आमच्या कानीं ज्या तक्रारी येतात, त्या मासा सुटल्याच्या फारशा नसतात. काठी मोडल्याच्या असतात. पाण्यांतील माशाशीं झगडतांना मोडलेली काठी विरळा. बहुतेक काठ्या वाटेंत मोडतात. कोणाची एस.टी.च्या दारांत चेंगरते, कोणाची मोटारसायकलवरून जातांना फांदींत अडकते, आणि कोणाची घरच्या कोपऱ्यांत उभी असतां तिच्यावर ज्वारीचें पोतें कलंडतें. आईबापांनीं कष्टाचे पैसे देऊन घेतलेली वस्तु अशी फुकट जावी हें बरें नव्हे. म्हणून काठी नेण्याआणण्यासाठीं घरच्या घरीं नळी कशी करावी, याचा पाठ आम्ही या लेखांत देत आहों. नळीनें काठीचें रक्षण होतें, हें कोणीहि सांगेल. तिनें माणसांचेंहि रक्षण होतें, ही गोष्ट मात्र थोड्यांच्या लक्षांत येते. आणि ती आमच्या मतें अधिक महत्त्वाची आहे.

आवरणांची परंपरा

नाजूक अगर धारदार वस्तूस तिच्या मापाचें घर करून द्यावें, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भाषेंतील शब्दच तिची साक्ष देतात. तलवारीस म्यान, बाणांस भाता, गादीस खोळ, उशीस अभ्रा, आणि तंबोऱ्यास गवसणी. यांपैकीं म्यान व भाता हे विशेष विचार करण्याजोगे आहेत. म्यान तलवारीची धार राखतें, आणि ज्याच्या कमरेस ती लटकते त्याची मांडीहि राखतें. एकाच आवरणाचीं हीं दोन कामें आहेत.

मिरज शहर सतार व तंबोरा यांसाठीं सर्व देशांत प्रसिद्ध आहे. शस्त्रें घडविणाऱ्या व त्यांस धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागिरांनीं एकोणिसाव्या शतकांत तेथें हीं वाद्यें बनविण्यास आरंभ केला, व २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. त्या वाद्याचा भोपळा जरासा आपटला तरी तडकतो. म्हणून गवई प्रवासास निघाला कीं प्रथम गवसणी पाहतो. गळाची काठीहि अशीच समजावी. तिलाहि आंत मऊ गवसणी व बाहेर कठीण नळी, अशीं दोन आवरणें पाहिजेत. नुसत्या गवसणीनें मार चुकत नाहीं, व नुसत्या नळीनें आंतल्या आंत होणारी घासाघीस थांबत नाहीं.

काठी मोडते कां?

नळी करण्यापूर्वी काठीचा स्वभाव जाणला पाहिजे. आपल्या इकडील साधी काठी अखंड बांबूची असते. इंग्लंड-अमेरिकेकडे बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या एकत्र चिकटवून षट्कोनी काठी करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूच्या काठ्या निघाल्या, व १९७३ च्या सुमारास कार्बनच्या तंतूंची काठी बाजारांत आली. आज दुकानांत मिळणाऱ्या काठ्या बहुधा कांचतंतूच्या, कार्बनच्या अगर दोहोंच्या मिश्रणाच्या असतात.

या सर्व काठ्यांत एक साम्य आहे. त्यांचे तंतू लांबीच्या दिशेनें धांवतात. त्यामुळें काठी धनुष्यासारखी वांकली तरी ती सहज सोसते. पण बाजूनें बसलेला लहानसा घाव तिला सोसत नाहीं. कार्बनच्या पोकळ काठीची भिंत तर फार पातळ असते. दगडावर आपटून तिच्यावर उमटलेला चरा त्या दिवशीं कांहींच करीत नाहीं. पुढें एखादे वेळीं चांगला मासा लागला कीं नेमकी तेथेंच ती तुटते, व मुलगा म्हणतो कीं काठी वाईट होती! तात्पर्य, मुख्य भय वांकण्याचें नसून आपटण्याचें आहे. शेंडा सर्वांत बारीक असल्यामुळें त्यास सर्वांत जास्त जपावें.

मापें घेण्याची रीत

काठीचे भाग सोडवून, शेजारीं शेजारीं ठेवून, दोन मापें घ्यावीं.

पहिलें माप लांबीचें. सात फूट लांबीच्या दोन तुकडी काठीचा एकेक तुकडा सुमारें १०७ सेंटिमीटर भरतो. त्यांत तळाच्या व झांकणाच्या गादीसाठीं प्रत्येकीं अडीच सेंटिमीटर, म्हणजे ५ सेंटिमीटर मिळवावे. गवसणीच्या घडीसाठीं १ व हातचा म्हणून आणखी १ सेंटिमीटर धरिला म्हणजे एकूण ११४ सेंटिमीटर होतात.

दुसरें माप जाडीचें. येथें पुष्कळ जण फसतात. ते काठीचीच जाडी मोजतात. वास्तविक तंगूस ओवण्यासाठीं काठीवर ज्या कड्या असतात, त्यांतील मुठीजवळची कडी सर्वांत मोठी असते व ती काठीपासून बरीच वर उभी राहते. म्हणून दोन्ही तुकडे एकत्र धरून, सर्वांत फुगीर जागीं आरपार माप घ्यावें. समजा तें साडेपांच सेंटिमीटर आलें. त्यांत गवसणीच्या कापडासाठीं अर्धा सेंटिमीटर मिळवावा. तेव्हां नळीचा आंतला व्यास ६ सेंटिमीटरांहून थोडा अधिक पाहिजे. रील मात्र या नळींत घालूं नये. ती काढून वेगळ्या पिशवींत ठेवावी. गळहि काढून बंद डबींत ठेवावे. घडी होऊन आंत सरकणाऱ्या दुर्बिणीसारख्या काठीचें माप ती पूर्ण मिटवून घ्यावें.

पहिला प्रकार: शेतांतील पाइप

सातारा व सांगली जिल्ह्यांत ऊस आणि द्राक्षें यांच्या मळ्यांत पाणी नेण्यासाठीं पी.व्ही.सी.चे पाइप सर्वत्र वापरतात. ते बाहेरच्या व्यासानें ओळखले जातात: ६३, ७५, ९० व ११० मिलिमीटर. वरील उदाहरणास ७५ मिलिमीटरचा पातळ पाइप योग्य होय. त्याची भिंत दोन मिलिमीटरांच्या आसपास असली तर आंत सुमारें ७१ मिलिमीटर जागा राहते. पुष्कळ घरीं पाइपलाइन टाकून उरलेला तुकडा गोठ्याच्या वळचणीस पडलेला असतो. वडिलांची परवानगी घेऊन तो वापरावा. नवा घ्यावयाचा झाल्यास पाइप ६ मीटर लांबीचा असतो. ११४ सेंटिमीटरांचे पांच तुकडे केले तर ५७० सेंटिमीटर लागतात. यास्तव पांच मुलांनीं मिळून एक पाइप घेतल्यास प्रत्येकावर खर्च थोडा पडतो.

पाइप सरळ कापला जावा म्हणून एक युक्ति आहे. ७५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपाचा परीघ सुमारें २३.६ सेंटिमीटर होतो. सरळ कडेची, ३० सेंटिमीटर लांबीची कागदाची पट्टी पाइपाभोंवतीं अशी गुंडाळावी, कीं तिची कड आपल्याच कडेवर तंतोतंत बसेल. त्या कडेनें पेन्सिलीची रेघ मारली म्हणजे ती काटकोनांतच येते. मग लोखंड कापावयाच्या बारीक दात्यांच्या करवतीनें, पाइप थोडा थोडा फिरवीत कापावें. एकाच बाजूनें आरपार कापूं गेल्यास करवत तिरपी जाते. कापलेल्या कडा प्रथम कानशीनें व नंतर कांचकागदानें आंतून-बाहेरून गुळगुळीत कराव्या, नाहींतर त्या गवसणी फाडतील. भुसा झटकून नळी धुवावी व वाळवावी.

तळास त्याच मापाचें प्लॅस्टिकचें टोपण चिकटवावें. पाइपाचें तोंड व टोपणाचा आंतला भाग कांचकागदानें किंचित् खरबरीत करून दोहोंस सोल्युशन लावावें, व टोपण जरा फिरवून शेवटपर्यंत बसवावें. सोल्युशनची वाफ डोक्यास चढते व पेटतेहि. म्हणून हें काम अंगणांत, चुलीपासून दूर, वडील माणसाच्या देखत करावें. पाइपाचें तोंड मोठें करण्यासाठीं तो विस्तवावर कधींच धरूं नये. पी.व्ही.सी. जळूं लागलें कीं त्यांतून घातक धूर निघतो.

वरचें झांकण चिकटवूं नये. तेंहि तसेंच टोपण असावें, पण आंतून थोडें घासून हातानें निघेल इतपत सैल करावें. त्याच्या माथ्यावर ३ मिलिमीटरचीं दोनतीन भोंकें पाडावीं. तीं कशासाठीं तें पुढें सांगूं. झांकण हरवूं नये म्हणून त्यास दोरी लावून ती नळीस बांधावी. तळाशीं व झांकणाच्या आंत स्पंजाची अगर जुन्या चपलेच्या मऊ रबराची गोल चकती बसवावी. हीच ती गादी.

खांद्यावर अडकविण्यास खाटेची नवार उत्तम. नळीच्या दोन्ही टोकांपासून सुमारें एक तृतीयांश अंतरावर ती घट्ट गुंडाळून शिवावी, म्हणजे तोल मध्यें राहतो. पट्ट्यासाठीं नळीस भोंकें पाडूं नयेत. तेथून पाऊस आंत येतो. शेवटीं तेलरंगाचा हात द्यावा; उन्हानें हें प्लॅस्टिक ठिसूळ होत जातें, तें रंगानें लांबतें.

गवसणी

गवसणीसाठीं जुन्या धोतराचें अगर लुगड्याचें सुती कापड घ्यावें. कोरें कापड असल्यास तें धुवून त्याची खळ काढावी. खळीनें कापडास बुरशी येते, व न धुतलेलें कापड पुढें आटतें. १२५ सेंटिमीटर लांब व ३६ सेंटिमीटर रुंद तुकडा लांबीवर दुमडला म्हणजे १८ सेंटिमीटर रुंदीची पट्टी होते. खालची व बाजूची कड शिवून मधोमध एक उभी शिवण घातली कीं सुमारें आठ आठ सेंटिमीटरांचे दोन खण तयार होतात. एकेका खणांत एकेक तुकडा ठेवावा. वरचा मोकळा भाग दुमडून नाडीनें बांधावा. दोन तुकडे एकाच खणांत घातले तर एकाच्या कड्या दुसऱ्यास ओरबाडतात. हें शिवणकाम आईवर किंवा बहिणीवर टाकूं नये. ज्यास काठी हवी त्यानें सुई धरावी.

दुसरा प्रकार: पुठ्ठ्याची नळी

ज्यांस पाइप मिळत नाहीं त्यांनीं कापडाच्या दुकानीं जावें. विटा येथें यंत्रमाग पुष्कळ आहेत, आणि कापडाचा तागा ज्यावर गुंडाळतात ती पुठ्ठ्याची नळी कापड संपल्यावर दुकानदारास निरुपयोगी असते. ती विनयानें मागितली तर बहुधा मिळते.

तिचें झांकण करण्याची रीत गणिताच्या विद्यार्थ्यांस आवडेल. नळीच्या एका टोकाचा १५ सेंटिमीटर भाग झांकणासाठीं कापून घ्यावा. दुसरा ८ सेंटिमीटरचा कडा कापून, तो उभा चिरून, नळीच्या आंत बसेल इतका लहान करावा. किती लहान? पुठ्ठ्याची जाडी ४ मिलिमीटर असेल तर दोन्ही बाजू मिळून व्यास ८ मिलिमीटरांनीं कमी झाला पाहिजे, म्हणजे परीघ ८ गुणिलें ३.१४, सुमारें २५ मिलिमीटरांनीं कमी. तेवढी उभी पट्टी काढून टाकावी. हा कडा अर्धा मुख्य नळींत सरसानें चिकटवावा. बाहेर राहिलेल्या अर्ध्या भागावर झांकण सरकतें. दोन्ही टोकें लांकडी चकत्यांनीं बंद करावीं, व झांकणाच्या चकतीस भोंकें पाडावीं. पुठ्ठा पाणी शोषतो. म्हणून बाहेरून जुन्या कापडाची पट्टी खळीनें चिकटवून, ती वाळल्यावर तेलरंगाचे दोन हात द्यावे. ही नळी हलकी असते, पण पावसाळ्यांत तिचा भरंवसा धरूं नये.

तिसरा प्रकार: वेळूची नळी

घाटमाथ्याकडील गांवांत जाड कळक मिळतो. निदान तीन वर्षांचा, सरळ व न किडलेला वेळू निवडावा. कोंवळा वेळू वाळतांना आकसतो व चिरतो. वेळूंत पिष्ट असतें व त्यावर भुंगेरे जगतात. म्हणून तो दोनतीन आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवण्याची जुनी चाल आहे, व ती सयुक्तिक आहे. मग सावलींत उभा वाळवावा. पेरांमधील पडदे लांब सळई तापवून दोन्ही बाजूंनीं फोडतात. हें काम वडील माणसानें करावें. आंतील कूस काठीस कांचकागद गुंडाळून घासून काढावी. दोन्ही तोंडांशीं सुतळी घट्ट गुंडाळली म्हणजे चीर पुढें जात नाहीं. ही नळी बहुधा अरुंद असते. म्हणून मिटणाऱ्या काठीस अगर मोठ्या कड्या नसलेल्या साध्या काठीस ती योग्य. २०१७ सालच्या दुरुस्तीनें वनाबाहेर वाढलेल्या बांबूस वनकायद्याच्या वृक्षाच्या व्याख्येंतून वगळलें आहे. वनांतील वेळू मात्र परवानगीवांचून तोडूं नये.

नळीची परीक्षा

नळी झाली म्हणजे लगेच तींत काठी घालूं नये. आधीं तिची परीक्षा घ्यावी. काठीच्याच लांबीच्या साध्या कामटीच्या टोकास फळ्यावर लिहावयाचा एक अखंड खडू बांधावा व ती गवसणींत घालून नळींत ठेवावी. नळी बंद करून गुडघ्याइतक्या उंचीवरून तीन वेळां जमिनीवर पडूं द्यावी: एकदां आडवी, एकदां तळावर व एकदां झांकणावर. खडू अखंड निघाला तर नळी उत्तीर्ण झाली. मोडला तर गादी जाड करावी. त्यानंतर नळी थोडी हालवून पाहावी. आंतून आवाज आला तर काठीस जागा फार आहे असें समजावें.

हवा आणि ओल

आतां झांकणाच्या भोंकांविषयीं. झांकण हवाबंद असावें असें वरवर पाहतां वाटतें. पण तें चुकीचें आहे. सकाळीं २० अंशांवर बंद केलेली नळी दुपारीं उन्हांत ६० अंशांपर्यंत तापली असें धरूं. बंद हवेचा दाब निरपेक्ष उष्णमानाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणजे २९३ चे ३३३ झाले. दाब जवळजवळ १४ टक्क्यांनीं वाढला. ७१ मिलिमीटर व्यासाच्या झांकणाचें क्षेत्रफळ सुमारें ४० चौरस सेंटिमीटर आहे. हिशेब केल्यास झांकणावर आंतून सुमारें पांच किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो, व सैल झांकण उडून पडतें. उलट हवाबंद नळी थंड झाली कीं झांकण आंत ओढलें जातें व निघतां निघत नाहीं.

दुसरें कारण याहून मोठें आहे. नदीवरून परततांना काठी व कापड ओलसर असतात. तीं तशींच हवाबंद नळींत कोंडलीं तर दिवसाच्या उष्णतेनें ओलीची वाफ होते व रात्रीं ती थेंब होऊन काठीवरच बसते. मग कड्या गंजतात, बुचाच्या मुठीस बुरशी येते, वार्निशास फोड येतात. म्हणजे जी नळी रक्षणासाठीं केली तीच काठीचा नाश करिते! यास्तव घरीं येतांच काठी पुसून सावलींत वाळवावी, गवसणी उलटी करून वाऱ्यावर टाकावी, व नळी झांकण काढून पालथी ठेवावी. घरीं काठी कोरड्या गवसणींत घालून खुंटीस टांगावी. नळी ही प्रवासासाठीं आहे. पावसाळ्यांत हा नियम विशेषें पाळावा. उन्हांत उभ्या केलेल्या बंद मोटारींतहि नळी ठेवूं नये.

माणसांचें रक्षण

येथवर काठीचा विचार झाला. आतां माणसांचा. गर्दीच्या गाडींत उघड्या काठीचा शेंडा शेजाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतो, आणि तिला लोंबणारा गळ कोणाच्या लुगड्यांत, कोणाच्या बोटांत रुतेल याचा नेम नाहीं. पण सर्वांत मोठें भय विजेचें आहे, व तें पालकांनींहि नीट वाचावें.

कार्बनचा तंतू विजेचा वाहक आहे. हातांत कार्बनची काठी म्हणजे विजेच्या दृष्टीनें हातांत धातूची सळई. आमच्या भागांत विहिरींच्या व नदीवरील पंपांसाठीं उसाच्या शेतांवरून ११,००० व्होल्टांच्या तारा गेलेल्या आहेत, आणि नदीकडे जाणारी पाऊलवाट पुष्कळदां त्यांच्याखालूनच जाते. पुणें-मिरज लोहमार्गावर आतां २५,००० व्होल्टांची तार आहे. अशा दाबावर तारेस प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असें नाहीं. शेंडा पुरेसा जवळ गेला तरी वीज उडी घेते. ओला बांबू व ओलें तंगूस हींहि सुरक्षित नव्हेत. मोटारसायकलवर मागें बसलेला मुलगा जोडलेली काठी भाल्यासारखी उभी धरून जातांना दिसला, तर ज्यास ज्यास तो दिसेल त्यानें त्यास थांबवावें.

म्हणून आम्ही चार नियम सांगतों. काठी घरापासून पाण्यापर्यंत व पाण्यापासून घरापर्यंत सुटी करून नळींतच न्यावी. नळी आडवी, काखेंत अगर पाठीवर तिरपी धरावी. ती प्लॅस्टिकची आहे म्हणून तारेपासून वांचवील असें मुळींच मानूं नये. काठी जोडण्यापूर्वी मान वर करून पाहावें. वर अगर जवळपास तार असेल तर ती जागा सोडावी. आकाशांत गडगडाट ऐकूं येतांच काठी नळींत घालावी व नदीकांठ सोडावा.

याबरोबरच, धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क पुष्कळदां सहकारी संस्थांकडे असतो, तेथें परवानगी घ्यावी. देवळांच्या घाटांवर लोक श्रद्धेनें माशांस खाऊं घालतात, तेथें गळ टाकूं नये. धरणांतून पाणी सोडण्याची सूचना असेल त्या दिवशीं नदीवर जाऊंच नये.

शुभवर्तमानांत मासे धरणाऱ्यांच्या कथा पुष्कळ आहेत, आणि त्यांत बहुधा जाळीं आहेत. पेत्रास सरोवरावर जाऊन गळ टाकण्यास सांगितल्याची हकीकत मत्तयानें दिली आहे. पण याकोब व योहान यांस पाचारण झालें तेव्हां ते मासे धरीत नव्हते. तारवांत बसून जाळीं नीट करीत होते. हत्याराची निगा हें त्यांच्या रोजच्या कामांतच मोडत असे. आमच्या विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत पहिला दिवस नळी करण्यास द्यावा व दुसरे दिवशीं नदीवर जावें, अशी आमची सूचना आहे. पालकांस विनंती एवढीच, कीं मुलानें नवी काठी मागितली तर प्रथम त्याची नळी पाहावी.

अभ्यास

१. एका तीन तुकडी काठीचा प्रत्येक तुकडा ८२ सेंटिमीटर लांब आहे. वरील रीतीनें नळीची लांबी काढा, व ६ मीटर पाइपांतून अशा किती नळ्या होतील तें सांगा.

२. पुठ्ठ्याची जाडी ५ मिलिमीटर असल्यास आंतील कड्यांतून किती रुंदीची पट्टी कापावी लागेल?

३. आपल्या घरापासून नदीपर्यंतच्या वाटेचा नकाशा काढा, व विजेच्या तारा ज्या ज्या ठिकाणीं वाट ओलांडतात तीं ठिकाणें तांबड्या पेन्सिलीनें दाखवा. या कामास जातांना काठी बरोबर नेऊं नये. नकाशा घरांतील सर्व मंडळींस दाखवावा.